जंतूंना खातेवाटप ठाऊक नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

अँटिबायोटिकं लागू पडेनाशी झाली की खापर फुटतं ते कोर्स अर्धवट सोडणाऱ्या रुग्णावर. मजुरी बुडवून तालुक्याला आलेला माणूस दोन गोळ्या वाचवून ठेवतो, हे खरंच. पण पाणी आणखीही कुठे कुठे मुरतंय.

औषधाला दाद न देण्याचा गुण जंतू फक्त आपल्या पिलावळीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. लेडरबर्ग आणि टेटम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४६ साली ई. कोलाय जिवाणूंमध्ये जनुकांची अशी देवघेव दाखवली. एक जिवाणू पिलस नावाचा केसासारखा धागा काढून दुसऱ्याला धरतो, जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्याचा, एक पदर त्याच्यात सोडतो. दुसरा पदर दोघंही आपापला विणून घेतात. विरजणच म्हणा ना : देणारीचं घटत नाही आणि घेणारी उद्या तिसरीला देते. जात वेगळी असली तरी अडत नाही; हगवणीचा शिगेला आणि आतड्यातला ई. कोलाय एकाच फटक्यात अनेक औषधांचा प्रतिकार एकमेकांना देतात, हे जपानी संशोधकांनी १९५९ च्या सुमारास दाखवलं.

आता आमच्याकडचं पाहा. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, जिवाणूजन्य करपा आला की कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी येते आणि फवारणीच्या पंपात जाते. त्याच घरच्या गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब. शेण उकिरड्यावर, उकिरडा वावरात, वावरातलं पाणी नाल्यात. तिथं सगळ्या जंतूंची गाठ पडते. मंत्रालयात मात्र माणूस तुमच्याकडे, गाय पशुसंवर्धनाकडे, पऱ्हाटी कृषीकडे!

२०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिनला, म्हणजे बाकी औषधं हरल्यावर वापरायच्या अँटिबायोटिकला, निकामी करणारं जनुक प्लाझ्मिडवर सापडलं, तेही डुकरांत आणि रुग्णांतही. २०१९ मध्ये केंद्राने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. मनात आणलं तर आदेश निघतो. पाळला जातो का, हा प्रश्न वेगळा. शेड्यूल एच १ मधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतल्या, औषधांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवणं २०१४ पासून बंधनकारक आहे, ती वही बाजारगावात कोण उघडून बघतं?

मागणी एवढीच, की ग्रामीण रुग्णालयांतले लघवीचे आणि पुवाचे नमुने कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नेमाने यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावेत, त्याच गावांतल्या गोठ्यांचं दूध आणि नाल्याचं पाणीही तपासलं जावं, आणि निकाल तिन्ही खात्यांनी एकत्र बसून पाहावेत. पहिले नमुने खरिपाच्या फवारण्यांआधी उचलले, तर दिवाळीनंतरचे त्यांच्याशी ताडून पाहता येतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. यवतमाळ