नेम ठेवायचा कुठे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं आणि रात्रीच उत्तर लिहायला बसलो. "बाणाचं टोक बरोबर मध्यावर ठेवतो, तरी बाण टार्गेटच्या डोक्यावरून जातो. हात बिघडलाय की नजर?" असं विचारलंयस, आणि शेवटी साईट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, परत लावून टाकायची भाषा केलीयस. एवढ्यात लावू नकोस. तुझा हातही ठीक आहे आणि नजरही.

साईट काढलीस, पण अँकर, म्हणजे दोरी ओढून हात टेकवायची जागा, हनुवटीखालीच ठेवलास ना? सगळा घोळ तिथे आहे. नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी खाच, डोळ्याच्या साधारण 12 सेंटिमीटर खाली, आणि पुढचं टोक तू नजरेच्या रेषेत आणतोस. जेमतेम 70 सेंटिमीटरच्या लांबीत ही केवढी चढण झाली! बाण नजरेच्या रेषेला खालून कापून वर निघतो आणि 20 मीटरवर पोचेपर्यंत मध्यापासून दोन मीटरहून जास्त वर असतो. पुढे कुठेतरी तो खाली वळतो आणि नजरेची रेषा पुन्हा गाठतो. ज्या अंतरावर गाठतो, तो तुझा पॉइंट-ऑन. फक्त तिथेच टोक मध्यावर ठेवायचं. अलीकडे खाली धरायचं, पलीकडे वर. हनुवटीच्या अँकरने तुझा पॉइंट-ऑन बहुधा 70 मीटरच्याही पुढे असेल, आणि तू मारतोयस 20 वरून.

यातून दोन वाटा निघतात. अँकर तोच ठेवलास तर 20 मीटरसाठी नेमाचा बिंदू टार्गेटवर सापडणारच नाही. तो टार्गेटच्या बराच अलीकडे, जमिनीवर येईल. पूर्वीचे लोक असंच जमिनीवरच्या खुणेवर टोक ठेवून मारत. मीही एक हिवाळा तसं केलं. एकदा एका वाळक्या पानावर टोक ठेवून पहिले तीन बाण इतके सुरेख बसले की चौथ्याला हात आपोआप स्थिर झाला. दुसऱ्या फेरीला उभा राहिलो तर पान जागेवर नव्हतं. वाऱ्याने हातभर सरकवलं होतं आणि मी त्याच्यामागून सरकलो होतो. तेव्हापासून हलणारी, सावलीबरोबर रंग बदलणारी खूण मी निवडत नाही.

दुसरी वाट मला जास्त पटते. दोरी ओढणारी तिन्ही बोटं नॉकच्या खाली आणि तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात. बाण डोळ्याजवळ येतो, चढण कमी होते, पॉइंट-ऑन जवळ येतो. माझा आता 40 मीटर आहे, बाणाचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या आसपास. 20 मीटरवर मी मध्याच्या 75 सेंटिमीटर खाली टोक धरतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? 15 मीटरवर हेच अंतर 70 च्या आसपास आहे, 25 वरही तेवढंच. कमानीचा माथा सपाट असतो ना, तिथे अंतराचा अंदाज दोन-तीन मीटरने चुकला तरी बाण फारसा दगा देत नाही. पॉइंट-ऑनच्या पलीकडे मात्र जपून. 45 वर मला मध्याच्या 43 सेंटिमीटर वर धरावं लागतं आणि 50 वर जवळजवळ मीटरभर. फील्डमध्ये, म्हणजे रानातून फिरत मारायच्या स्पर्धेत, बेअरबोवाल्यांना (साईटशिवाय मारणाऱ्यांना) अंतर लिहून दिलेल्या टार्गेटांवर 50 मीटरपर्यंत मारावं लागतं, त्यामुळे हा उतार टाळून चालत नाही.

माझे आकडे उचलू नकोस. तुझे तूच मोज. 5-6 मीटरपासून सुरुवात कर आणि मागे भक्कम आडोसा असल्याशिवाय लांब जाऊ नकोस. बटच्या (टार्गेट लावायच्या जाड फळीच्या) खालच्या कडेला एक बिंदू ठरव, सहाच्या सहा बाण त्याच्यावरच नेम धरून सोड, आणि ते वर कुठे जमतात ते बघ. बिंदूपासून जमलेल्या बाणांच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर वहीत लिही. पहिला बाण वर गेला म्हणून दुसऱ्याला बिंदू खाली सरकवायचा नाही. असं केलंस तर सहा बाणांनंतरही हातात काहीच उरत नाही, हे मी फार उशिरा शिकलो. बाणाचं टोक जड केलंस किंवा बाणच बदललेस तर ही वही नव्याने लिहावी लागेल.

बिंदू लहान हवा. "पायाजवळ कुठेतरी" असं नको. लाकडातली गाठ, खिळ्याचं डोकं, कागदाचा फाटलेला कोपरा. खरी परीक्षा तिथे आहे, कारण सोडायच्या क्षणी डोळा हळूच वर, टार्गेटच्या पिवळ्या मध्याकडे पळतो आणि हात त्याच्या मागोमाग जातो. पोपटाचा डोळा सोडून दुसरं काही बघू नको, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. इथे नेमका तो डोळाच अंधूक ठेवायचा आणि खाली एका खिळ्यावर नजर रोवून बसायचं. मनाला हे फार जड जातं. बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत खिळा सोडू नकोस, बास.

डावं-उजवं चुकत असेल तर बिंदू आडवा सरकवण्याआधी दोरी बघ. तिची धूसर रेघ दर वेळी धनुष्याच्या एकाच जागी दिसायला हवी. बाण नेमाच्या डोळ्याच्या बरोबर खाली हवा, यावर एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश धनुर्धर होरेस फोर्ड याचा सगळा भर होता. 1857 साली त्याने इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुहेरी यॉर्क फेरीत (लांब अंतरांची ठरावीक फेरी, दोनदा) 1251 गुण केले, आणि तो आकडा तिथे 1949 पर्यंत कुणालाही ओलांडता आला नाही. साईट नसलेल्या लाकडी धनुष्याने, 100 यार्डांपर्यंत! हे आठवलं की मला अजूनही उभं राहून सराव करावासा वाटतो.

स्ट्रिंग-वॉकिंगचं विचारलंयस. बोटं दोरीवर खाली सरकवून टोक थेट मध्यावर आणता येतं, टॅबच्या (बोटांवरच्या चामडी पट्टीच्या) टाक्यांवर अंतरं मोजता येतात, आणि बेअरबोत ते चालतं. लाँगबो आणि ट्रॅडिशनल गटात चालत नाही. धनुष्य मात्र कुरकुरतं, ट्यूनिंग, म्हणजे धनुष्य आणि बाणाची जुळवणी, वेगळं लागतं. आधी एक बिंदू पक्का होऊ दे, मग त्याच्याकडे वळू.

पुढच्या पत्रात तुझे 10, 15 आणि 20 मीटरचे आकडे पाठव, आणि अँकर कुठे ठेवलास तेही. 20 ला कोणता खिळा निवडलास ते मला नक्की कळव.

तुझाच,
जुना सोबती