नऊ फुटी हौदा आठ फुटी करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या शेडचे आमचे मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

पहिले आभार तुम्ही कापायचा ग्राइंडर सर्वांत शेवटी हातात घेतलात याबद्दल. पिकअपचा मूळ हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, विश्वामित्री नदीच्या पुरातल्या गाळाने खालून सडला होता आणि भंगारात मिळाला तो एक फूट जास्त लांब. 'राहू द्या मागे फूटभर, माल जास्त मावेल,' असं सांगणारे बरेच भेटतात. तुम्ही ते मान्य केलं नाहीत आणि कारणही नीट सांगितलंत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. मागचा ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या पलीकडे येणारा भाग) व्हीलबेसच्या, म्हणजे दोन एक्सलमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांच्या आत राहायला हवा. शिवाय मागच्या एक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग भरवशाचं राहत नाही. म्हणून कापायचा तो हौदा. चेसिसला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) हात लावायचा नाही, तिच्यावर वेल्डिंगही नाही.

आता कुठे कापायचं, यातच तुमची खरी कारागिरी दिसली. पुढून किंवा मागून फूटभर छाटणं सोपं वाटतं. पण पुढच्या टोकाला केबिनकडची भिंत आणि तिचे आधार असतात. मागच्या टोकाला फाळक्याचे (मागच्या उघडणाऱ्या झडपेचे) बिजागर, कडी आणि दिव्यांच्या चौकटी असतात. ती दोन्ही टोकं कंपनीची तशीच ठेवून मधला ३०५ मिलिमीटरचा तुकडा काढायचा, हे तुम्ही ठरवलंत. फरशीच्या पत्र्याच्या पन्हाळी (उंचसखल नाळी) लांबीच्या दिशेने होत्या, त्यामुळे कापल्यावर दोन्ही कडांचा आकार जुळला. पन्हाळी आडव्या असत्या तर एका पन्हाळीपासून दुसरीपर्यंतच्या अंतराच्या पूर्ण पटीतच काप घ्यावा लागला असता, हेही तुम्ही खडूने काढून दाखवलंत.

फरशीखालच्या आडव्या चॅनेलांपैकी (लोखंडी आधारपट्ट्यांपैकी) तिसरी तुम्ही तिचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांचे जोड) ८ मिलिमीटरच्या ड्रिलने उडवून आधीच सोडवून ठेवलीत. दुसरी आणि चौथी यांच्यात ९०० मिलिमीटर अंतर होतं, ते काप काढल्यावर ५९५ उरलं. तिसरी तुम्ही बरोबर मधोमध परत बसवलीत. फरशीचा सांधा तिच्यावरच आला आणि त्याला खालून टेका मिळाला. बाजूच्या पत्र्याचा काप ७५ मिलिमीटर पुढे सरकवलात आणि खालच्या लांब चॅनेलचा १५० मिलिमीटर मागे. सगळे सांधे एका रेषेत आले, तर प्रत्येक खड्ड्यात तीच एक रेषा वाकते आणि तडा तिथूनच सुरू होतो. लांब चॅनेल सरळ न कापता ४५ अंशांत तिरकी कापलीत, आतून ५ मिलिमीटर जाडीची पट्टी दिलीत आणि पट्टीची टोकं निमुळती ठेवलीत. तो सांधा हौदा चेसिसला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या खाली येणार नाही, हेही आधीच मोजून घेतलं होतंत.

कापण्यापूर्वी आतून ४० बाय ४० मिलिमीटरचे लोखंडी अँगल आडवे आणि तिरपे टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून लावलेत. हे काम पुष्कळ जण वाचवतात, कारण अँगल नंतर काढूनच टाकायचे असतात. पण कापल्याबरोबर बाजूचे पत्रे आपला ताण सोडतात, तोंड फाकतं आणि मागचा फाळका मग कधीच सरळ लागत नाही. दोन्ही अर्धे जवळ आणल्यावर तुम्ही कर्ण मोजलेत. फरक ३ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत टाका मारू दिला नाहीत. टाके मारून झाल्यावर फाळका चढवून उघडझाप करून पाहिलीत आणि मगच वेल्डिंगला हात घातलात.

पत्रा सव्वा मिलिमीटरचा. त्याच्यावर वेल्डिंग रॉड चालवला की भोक पडतं, म्हणून ०.८ मिलिमीटरची तार लावून सीओटू मशीनवर (गॅसच्या आवरणात तारेने वेल्डिंग करणाऱ्या यंत्रावर) काम केलंत. कडेपासून बोटभर रंग-गंज घासून पत्रा चकचकीत केला होता. टाके दर ४०-५० मिलिमीटरवर, मग इंच-इंचाचे तुकडे: एक इथे, दुसरा पार तिकडे, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा. एका दमात ओढलेली शिवण पत्र्याला लाटा आणते. मग पत्रा पाय पडला की 'टक्' वाजत राहतो आणि ठोकून सरळ होत नाही. घासतानाही तुम्ही शिवण सपाट करण्याच्या मोहात पडला नाहीत. ती थोडी उंच दिसली तरी चालेल, पातळ नको, हे तुमचं म्हणणं पटलं.

हौदा खाली उतरवून स्टँडवर घेतल्यामुळे डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग ठिणग्यांपासून लांब राहिलं. गाडीवरच थोडं वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची वायर काढायची आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. हे तिथल्या शिकाऊ मुलांना तुम्ही बजावून सांगत होतात, आमच्याही कानावर पडलं.

झिंक प्रायमर, वरून सीम सीलर (सांध्याची फट बुजवणारा लेप), चॅनेलच्या पोकळीत मेण, आणि चिखल अडकणार नाही अशा बेताने पाणी जायला भोकं. बडोद्याचा पावसाळा पाहता हा खर्च लोखंडाइतकाच गरजेचा आहे. मागच्या दिव्यांची वायर लांब झाली, ती न कापता घडी करून बांधलीत. रिफ्लेक्टर टेपही नव्याने लावलीत, मागे लाल, बाजूला पिवळी.

हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये रबर पॅकिंग आहे. ते दबल्यावर यू-बोल्ट सैल होतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर ते परत आवळायला सांगितलं होतंत. तसे आवळले आहेत, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ बसला. सांध्यावर कुठेही केसाएवढीही चीर नाही. काका, मनापासून आभार.

आपले,
पादऱ्याहून भाजी आणणारे गाडीमालक, बडोदा