उन्हाळी थंडीतही लागते

संपादक महोदय,

मला उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ, लागली ती गेल्या डिसेंबरात, शाल पांघरून बसायच्या दिवसांत. बायकांच्या या दुखण्यावर पेपरात कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं, पण जत्रांचा हंगाम पुन्हा तोंडावर आलाय.

मी दिवसा शिवणकाम करते आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गोव्यातल्या गावोगावच्या उत्सवी नाटकांत स्त्री-भूमिका करते. पालखी देवळात परतली की साडेअकराच्या पुढे आमची नांदी, आणि शेवटचा पडदा पहाटे चारला. नऊवारी, अंबाडा, दागिने असा सगळा साज चढवून मी साडेनऊलाच तयार असते. मग काष्टा सोडायचा म्हणजे पुन्हा अर्धा तास गेला. रंगपट बहुधा देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, एखाद्या खोलीत असतो. बाथरूम असलंच तर अंगणापलीकडे, आत दिवा नाही, दाराला कडी नाही, बाहेर आमचेच पुरुष कलाकार गप्पा मारत उभे. नाहीतर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि हातात बॅटरी. म्हणून आम्ही बायकांनी आपापसात तोडगा काढला आहे: दुपारी चारनंतर पाणी बंद. पद म्हणण्याआधी घसा सुकला तर खडीसाखर चघळायची.

लागोपाठ चार प्रयोग होते. तिसऱ्या रात्री दुसरा अंक संपताना ओटीपोटात कळ आली. कुळागरात जाऊन बसले तर चार थेंब, आणि तेही तिखट लागल्यासारखे. पाच मिनिटांत पुन्हा तीच कळ. तिसऱ्या अंकात मी नवऱ्याच्या विरहाने रडते असा प्रसंग आहे. त्या रात्रीचं रडणं फार खरं वाटलं, असं लोक म्हणाले.

घरी धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, वाळ्याचं झालं, आडसरं म्हणजे शहाळी झाली. सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता वाढलीय. जाऊबाईंनी त्यांच्या मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या दिल्या आणि फार्मसीतून एक आंबट-गोड सिरप आणलं. दोन दिवसांत जळजळ कमी झाली. मी खूश, गोळ्या बंद, चौथा प्रयोगही तोवर पार पडला होता. आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत मागच्या बाजूला ठणका आणि उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तीन दिवस सुया, मग गोळ्या, मिळून दहा दिवस गेले आणि दोन सुपाऱ्या बुडाल्या.

डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून इथे मांडते. आपण ज्याला उन्हाळी म्हणतो तो बहुतेक वेळा मूत्राशयातला जंतुसंसर्ग असतो, आणि जंतू बाहेरून येत नाहीत, बहुधा आपल्याच आतड्यातला ई-कोलाय नावाचा जंतू असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटरची, त्यामुळे त्याला चढायला वेळ लागत नाही. पुरुषाची साधारण वीस सेंटीमीटर. लघवी वरचेवर झाली तर जंतू धुऊन जातात, तुंबवून ठेवली तर त्यांना वाढायला आयता अवधी मिळतो. उष्णतेचा संबंध एवढाच की घाम फार जातो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते.

ते सिरप लघवीचा आंबटपणा कमी करतं, म्हणून आग शमते. जंतू मरत नाहीत. आणि जाऊबाईंची गोळी माझ्या जंतूंना लागूच पडत नव्हती. हे कळलं ते लघवीच्या कल्चर तपासणीत. पहिली धार सोडून मधली लघवी डबीत घ्यायची, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठलं औषध चालेल ते त्यात लिहून येतं. पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, हेही तेव्हाच समजलं. रेघ रोज दिसायची, मला वाटायचं नक्षी आहे.

प्रत्येक जळजळ मूत्राशयातल्या संसर्गाचीच असते असंही नाही. आमच्या मंडळातल्या एका मुलीला जळजळीबरोबर अंगावरून पांढरं जात होतं. तिची तपासणी वेगळी झाली, औषध नवऱ्यालाही मिळालं. आमच्या पेटीवाल्या काकांची धार बारीक झालेली, रात्री चारदा उठणं, त्यांचं मूळ प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, निघालं. कुणाला खडा असतो, कुणाला सुवासिक साबण सोसत नाही. वरचेवर त्रास होत असेल तर साखर तपासावी. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यानेही संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. त्यावर लावायचं हार्मोनचं मलम मिळतं, डॉक्टरांना विचारायला लाजू नये. मी लाजले होते. थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा बाई गरोदर असेल तर धण्याच्या पाण्यात दिवस घालवू नयेत.

आडसराला मी नावं ठेवत नाही, अजूनही पिते. डॉक्टरबाईंनी 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. त्यांना वर्षात सरासरी दोनाहूनही कमी वेळा त्रास झाला, बाकीच्यांना तीनाहून जास्त वेळा. म्हणजे साधं पाणी. आणि आम्ही नेमकं तेच बंद करून बसतो, कारण प्यायल्यावर जायचं कुठे?

माझं गाऱ्हाणं कुठल्या एका देवस्थानाविरुद्ध नाही. बहुतेक गावांत हीच तऱ्हा आहे. उत्सव समित्या रोषणाईवर, साऊंडवर हात सैल सोडतात, त्याबद्दल आनंदच आहे. रंगपटाच्या जवळ एक बाथरूम, त्यात बल्ब, पाण्याची बादली, आतून लागणारी कडी आणि तिथे जाऊन यायला पुरेल एवढं मध्यंतर, एवढ्याला किती खर्च येईल? पुरुष कलाकारांनीही दारात घोळका करू नये.

यंदा मी सुपारी घेतानाच बिदागीच्या आधी हे विचारते. पहिला प्रयोग डिचोली तालुक्यात ठरलाय. समितीच्या दादांनी फोनवर विचारलं, "बाय, आनी कितें जाय?" म्हणजे आणखी काय हवं? मी म्हटलं, बाथरूमला आतून कडी. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग म्हणाले, "सुताराक सांगतां."

— एक नाट्यकलाकार, सत्तरी
(कृपया नाव छापू नये.)