बॉनेटखाली इंजिनच नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीच्या इंजिनाला घरी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बसवणाऱ्यांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. लगेच लिहायला बसलो असतो तर हातून भलतेच शब्द गेले असते, म्हणून एक दिवस जाऊ दिला. राग मात्र तेवढाच आहे.

लेखासोबतच्या मोठ्या फोटोतली हिरवी जीप माझी आहे. बॉनेट उघडे, पुढची दोन्ही चाके काढलेली, गाडी घोडीवर चढवलेली. फोटोखाली छापले आहे की अशा गाड्या रात्री-अपरात्री गर्जना करत फिरतात आणि पुणेकरांची झोप उडवतात. संपादक महाशय, त्या जीपमध्ये इंजिनच नाही. फोटो जरा निरखून पाहिला असता तर रेडिएटरच्या मागे आमच्या सोसायटीच्या पार्किंगची फरशी दिसली असती. इंजिन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर आहे. आपला छायाचित्रकार वॉचमनला काहीतरी सांगून आत आला, फोटो काढून गेला, आणि मला कोणी एक शब्दही विचारला नाही. नंबर प्लेटसुद्धा झाकलेली नाही.

माझी सगळी नोकरी चिंचवडला इंजिनाच्या कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर जुनी महिंद्राची जीप घेतली आणि तिच्या 2523 सीसी डिझेल इंजिनाला टर्बो जोडायचे काम काढले. दर रविवारी माझी भाची मदतीला यायची. ती मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. कॉलेजात टर्बोचे चित्र फळ्यावर पाहिलेली मुलगी इथे तो हातात धरायला शिकली. कुदळवाडीची भंगाराची दुकाने फेब्रुवारी 2025 मध्ये पाडली गेली, त्याआधी तिथूनच आम्ही टर्बो आणला. दुकानदार घाई करत होता, तरी तिने टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, दोन बोटांत धरून हलवून पाहिला. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, म्हणून आडवी हालचाल किंचित असतेच. मागे-पुढे खेळ लागला तर तो टर्बो घ्यायचा नाही. पहिले दोन तिने परत ठेवले, तिसरा घेतला.

टर्बोत तेल दाबाने जाते, पण परत येते ते निव्वळ उताराने. परतीचा पाइप बारीक पडला किंवा वाटेत कुठे वर चढला की तेल आत तुंबते, सीलमधून गळते आणि निळा धूर सुरू होतो. आमच्या जीपमध्ये नेमका तिथेच इंजिनाचा माउंटिंग आडवा येत होता. मी हार मानायच्या बेताला आलो होतो. पोरीने जाड तार वाकवून साचा केला, तो घेऊन आम्ही भोसरीला वेल्डरकडे गेलो आणि पाइप पहिल्याच खेपेला बसला. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या यंत्राचा जीव या पाइपवर असतो, आणि तो एकोणीस वर्षांच्या मुलीने बसवला.

लेख आला त्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन. "दादा, तुझी गाडी पेपरात आलीय. पोलीस दारात आले तर पोरीचं काय? ती आता यायची नाही." मी समजावून पाहिले. तिने ऐकले नाही, आणि आई म्हणून तिला दोष देववत नाही. छापील अक्षरावर लोक विश्वास ठेवतात. आमच्या शेडमध्ये इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उघडे पडले आहे, हेड बोल्ट घट्ट करण्याचा क्रम भाचीने खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे, आणि काम थांबले आहे. हे नुकसान आपल्या फोटोने केले.

आता आवाजाबद्दल. टर्बोमुळे गाडी गर्जते, असे लेखकाने ठोकून दिले आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरातली ताकद वापरूनच टर्बोचा पंखा फिरतो, त्यामुळे पुढे जाणाऱ्या धुराचा दणका कमी होतो. टर्बोचे इंजिन बिनटर्बोच्या इंजिनापेक्षा शांत वाजते, हे कुठलाही डिझेल मेकॅनिक सांगेल. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज मालट्रकला टर्बो आहे, रेल्वेच्या डिझेल इंजिनाला आहे, आपल्या छापखान्यात मोठा जनरेटर असेल तर बहुधा त्यालाही असेल. कानठळ्या बसतात त्या सायलेन्सर कापून रिकामा पाइप लावलेल्या गाड्यांनी. त्यांच्यावर जरूर कारवाई करा, मी स्वतः तक्रार केलेली आहे. पण त्या पोरांना आणि आम्हाला एकाच पिशवीत घालू नका.

लेखात कल्याणीनगरचा मे 2024 चा अपघातही ओढून आणला आहे. दोन तरुण जीव गेले, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. पण ती गाडी कारखान्यातून आलेली, विजेवर चालणारी पोर्शे होती आणि तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. कोणाच्या शेडमध्ये ती बनली नव्हती. मग घरी काम करणाऱ्यांच्या लेखात तिचे नाव कशासाठी?

कायदा मला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. म्हणूनच इंजिन स्टँडवर आहे आणि परवानगीवाचून ते जीपमध्ये चढणार नाही, हे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. काम सुरू करण्याआधी मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. म्हटले, तुमचा माणूस पाठवा, ब्रेक तपासा, धूर मोजा, चूक निघाली तर गाडी मोडीत काढीन. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. "सीएनजी किट असेल तर बोला," म्हणाले. सीएनजी किटला मंजुरीची वाट आहे. एकट्या माणसाने नेटके केलेल्या कामाला ती मला कोणी दाखवली नाही. जर्मनीत असा बदल तपासून कागदावर चढवून देतात. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली अख्खी गाडी तपासणीला नेता येते, पास झाली तर रस्त्यावर येते. आणि आपल्या कोथरूडच्या टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली एआरएआय उभी आहे, देशभरातल्या कंपन्यांच्या गाड्या तपासणारी. तिच्या एका कोपऱ्यात महिन्यातून एखादा दिवस आमच्यासारख्यांसाठी फी घेऊन तपासणी झाली तर काय बिघडेल? आपल्या लेखकाने हा प्रश्न विचारायला हवा होता.

झोपेचा विषय निघालाच आहे तर आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाकडेही कोणी पाहावे. उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर हे इंडियन रोड्स काँग्रेसचे माप. मी टेप लावून पाहिला, आमचा 16 सेंटीमीटर उंच आहे आणि रुंदी हातभरही नाही. रात्री रिकामे टेम्पो त्यावर आपटतात तेव्हा खिडक्यांची तावदाने हादरतात. तक्रारवहीत नोंद आहे, उत्तर नाही.

माझी मागणी एवढीच. ज्या पानावर, ज्या आकारात फोटो छापलात, तिथेच आणि तेवढाच खुलासा छापा की फोटोतली जीप बंद आहे, तिच्यात इंजिन नाही आणि ती रात्री कुठेही फिरत नव्हती. त्याचे कात्रण मला बहिणीला दाखवायचे आहे. आणि आपल्या प्रतिनिधीला कोणत्याही रविवारी सकाळी आमच्या शेडवर पाठवा. या वेळी वॉचमनला माझे नाव सांगून यावे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
कर्वेनगर, पुणे