सर्किट म्हणजे फिरतं कोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं आणि साताऱ्यात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पण सर्किट म्हणजे नुसती जवळची शाखा नव्हे. कोर्टानं पक्षकाराच्या गावी जायचं, हा त्याचा मूळ अर्थ. तो बघायचा तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या न्या. डेव्हिड डेव्हिस यांची कारकीर्द बघावी.

डेव्हिस (१८१५-१८८६) ब्लूमिंग्टनचे वकील. राज्याच्या विधानसभेत होते, १८४७ च्या घटना परिषदेतही होते. त्या घटनेनं न्यायाधीश मतदानानं निवडायचं ठरवलं आणि १८४८ मध्ये ते आठव्या सर्किटवर निवडून आले. सुरुवातीला त्यात १४ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, होत्या. क्षेत्र सुमारे ११ हजार चौरस मैल. सातारा, सांगली, कोल्हापूर एकत्र केले तरी थोडे कमीच पडतील. वसंतात एक फेरी, शरदात दुसरी. पुढे बग्गीत तीनशे पौंडांवर वजनाचे न्यायाधीश, बरोबर वकिलांचा तांडा, त्यातच अब्राहम लिंकन. एका गावी काही दिवस बोर्डावरची, म्हणजे त्या दिवशीच्या यादीतली, कामं चालवायची की पुढचं गाव. साक्षीदार आला नाही किंवा समन्स बजावलं गेलं नाही, तर काम थेट पुढच्या फेरीवर, म्हणजे सहा महिने लांबणीवर.

न्यायाधीश आणि वकील एकाच खाणावळीत उतरत, एका टेबलावर जेवत. डेव्हिस नसले की कधीकधी लिंकननाच खुर्चीवर बसवत. हे मात्र आम्हाला मुळीच पटत नाही.

१८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची सूत्रं डेव्हिसांनी हलवली. १८६२ मध्ये लिंकननी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. मैत्रीचं बक्षीस, असं म्हणून लोक तिथंच थांबतात. १८६६ च्या मिलिगन खटल्यापर्यंत जात नाहीत. मुलकी कोर्टं सुरू असतील तिथं बिगरलष्करी नागरिकाला लष्करी न्यायासनापुढं उभं करता येत नाही, हा निकाल डेव्हिसांनीच लिहिला. आणि मिलिगनवर तसा खटला चालला होता तो लिंकनच्याच राजवटीत.

साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर, मुंबईच्या निम्मं. सोय मोठी झाली, यात शंका नाही. तरी म्हसवडच्या पक्षकाराला पहाटेची एसटी चुकत नाही. वर्षातून काही दिवस बेंच साताऱ्यात आणि सांगलीत बसावं. त्यासाठी कोर्ट हॉल, दाखल करून घेणारी खिडकी आणि आधी पोचलेलं रेकॉर्ड, एवढी तयारी लागेल.

आपले,
काही वकील, सातारा