प्रथिने कापणाऱ्या विकरांची दुसरी बाजू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अल्झायमरवरील संशोधनाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून वाचायला मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांत बीटा-सिक्रिटेज आणि गॅमा-सिक्रिटेज या विकरांचा (एन्झाइमांचा) उल्लेख पुष्कळदा निव्वळ रोगाचे मूळ म्हणून होतो, आणि ते रोखले की स्मृतिभ्रंश थांबेल असा वाचकाचा ग्रह होतो. एका मोठ्या प्रथिनाचे लागोपाठ तुकडे करून हे दोघे मेंदूत साचणारे अमायलॉइड तयार करतात, हे खरेच आहे. पण चेतापेशी घडवण्याचे कामही त्यांच्याकडेच असते.

गर्भाच्या मेंदूतील मूळ पेशींच्या पृष्ठभागावर नॉच नावाचे प्रथिन असते. शेजारच्या पेशीवरील प्रथिन त्याला येऊन जुळले, की आधी एक विकर नॉचचा बाहेरचा भाग छाटतो आणि मग गॅमा-सिक्रिटेज पेशीपटलाच्या आतच दुसरा छेद घेतो. सुटलेला तुकडा केंद्रकात जातो आणि त्या पेशीला इतक्यात चेतापेशी होण्यापासून रोखतो. हा छेद झालाच नाही, तर मूळ पेशी घाईने चेतापेशी बनतात आणि पुढच्या वाढीसाठी लागणारा त्यांचा साठा अकाली संपतो. गॅमा-सिक्रिटेजचा गाभा असलेले प्रेसेनिलिन-१ ज्यांच्यात नव्हते, असे उंदीर १९९७ साली अभ्यासले गेले, तेव्हा ते जन्मानंतर लगेच दगावले. त्यांच्या मेंदूत चेतापेशी कमी होत्या आणि सांगाडाही सदोष होता. ज्या जनुकातील दोषांमुळे काही कुटुंबांत ऐन मध्यमवयात अल्झायमर होतो, त्यांत प्रेसेनिलिन-१चे हेच जनुक आहे, ही बाब मला विशेष विचार करण्याजोगी वाटते.

बीटा-सिक्रिटेजचेही तसेच आहे. चेतातंतूवरील न्यूरेग्युलिन-१ हे प्रथिन तो कापतो, आणि तंतूभोवती मायलिनचे वेष्टन किती जाड व्हावे, हे त्या छेदावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा विकर नसलेल्या उंदरांच्या पायांतील चेतातंतूंवरचे वेष्टन पातळ राहते, असे २००६ साली दिसून आले.

प्रौढ शरीरातही ही कामे पूर्णपणे थांबत नाहीत. गॅमा-सिक्रिटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाची चाचणी ऑगस्ट २०१० मध्ये एली लिली कंपनीने थांबवली, कारण रुग्णांची आकलनशक्ती सुधारण्याऐवजी खालावली आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही वाढले. त्वचेच्या पेशींनाही नॉच लागत असल्याने अनेक संशोधकांनी या कर्करोगाचा संबंध नॉचचे काम अडण्याशी जोडला. पुढे मर्कच्या व्हेरुबेसेस्टॅटने बीटा-सिक्रिटेज रोखला, अमायलॉइड घटवलेही, पण रुग्णांना लाभ झाला नाही. त्याच्या चाचण्या २०१७ आणि २०१८ मध्ये बंद झाल्या. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे प्रतिपिंड या विकरांना हात न लावता तयार झालेले अमायलॉइड हटवते. हा फरक बातमीत आला, तर वाचकाला दोन्ही प्रकारच्या औषधांची गल्लत करण्याचे कारण उरणार नाही.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, ती माणसे अशा बातम्यांची कात्रणे घेऊन डॉक्टरांकडे जातात. म्हणून विनंती एवढीच, की नव्या औषधाची बातमी देताना ते नेमका कोणता विकर रोखते, त्याची शरीरातील इतर कामे कोणती आणि चाचणी उंदरांवर झाली की माणसांवर, हे दोन-तीन वाक्यांत का होईना, पण छापावे.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक