शनिवारी मी काय शिकवते

बॉस्टन

तीर्थरूप बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शनिवारी तू नेमकं शिकवतेस काय?" आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहूनच कळवते.

शिकवणं असं नाहीच. डॉर्चेस्टरच्या वाचनालयात अकरावीची काही मुलं जमतात. वंशावरून शाळेत काय फरक पडतो, हा त्यांच्या प्रकल्पाचा विषय. मी आकडेवारीतली, म्हणून मला धरलं.

त्यांची प्रश्नावली आधीच तयार होती. पहिलाच प्रश्न: 'तुमची शाळा वंशभेद करते का? हो / नाही.' मी म्हटलं, 'हो' आलं तर पुढे काय करणार? चिडलीच सगळी. मूळची हैतीची एक मुलगी म्हणाली, "उत्तर आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही फक्त टक्केवारी काढून द्या." बाबा, हे वाक्य मी ऑफिसातही ऐकते. तिथे म्हणणाऱ्याचा पगार मोठा असतो, एवढंच.

बरीच झटापट होऊन प्रश्न ठरला: 'एपीला बस, असं तुला कुणी सुचवलं? कधी?' एपी म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या तोडीचे विषय. प्रवेशाच्या वेळी त्यांचं वजन पडतं. पोरं अठराच्या आतली, त्यामुळे पालकांच्या सह्या हव्यात. संमतीपत्रं स्पॅनिश, हैतियन क्रिओल आणि व्हिएतनामीतही काढावी लागली. उत्तरं येताहेत. कुणाला बाईंनी आठवीतच बोलावून सांगितलेलं, कुणाच्या मोठ्या भावाने. एका मुलाने लिहिलंय, 'असं काही असतं हे मला हा कागद भरताना कळलं.'

एपीला कोण बसलं, कुणाला शाळेतून निलंबित केलं, हे राज्य सरकार शाळावार आणि वंशवार जाहीर करतं. पण 'एशियन' या एकाच रकान्यात आयटीवाल्या देशपांड्यांची मुलगी आणि व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्यांचा नातू! त्या सरासरीवरून कोण काय ओळखणार?

मध्यंतरी मुलांना बीकन हिलवर नेलं. काळ्या मुलांची जुनी शाळा तिथे अजून उभी आहे, आता संग्रहालय आहे. १८४८ सालची गोष्ट, म्हणजे आपल्या भिडे वाड्याचंच साल. सारा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला वाटेतल्या गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून इथे यावं लागे. वडील छापखानेवाले, ते कोर्टात गेले. रॉबर्ट मॉरिस हा काळा वकील आणि चार्ल्स समनर त्यांच्या बाजूने लढले. १८५० मध्ये हरले. पण १८५५ मध्ये राज्याने कायदा करून ही फाळणी बंद केली.

"मग १९७४ला बसवर दगड का पडले?" एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. कायद्याने बंद झालेलं शाळा समितीने हद्दी आखून चालूच ठेवलं होतं. न्यायाधीश गॅरिटींनी त्या वर्षी निकालात ते जाणूनबुजून केल्याचं म्हटलं आणि मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवायला लावलं. साउथ बॉस्टनमध्ये बसमधल्या काळ्या मुलांवर दगडफेक झाली. या मुलांच्या आजी-आजोबांपैकी काहींनी ते पाहिलंय. त्यांच्या मुलाखती पुढच्या महिन्यात.

आता तुम्हाला एक विचारायचंय. चौथीच्या स्कॉलरशिपला कुणाला बसवायचं, हे तुमच्या शाळेत कसं ठरायचं? जादा तासाला आमच्या आळीतली मुलं असायची, खालच्या वस्तीतलं कुणी बसलेलं मला आठवत नाही. त्यांना कुणी सांगायचं का? रविवारी फोन करते, तेव्हा बोलू. आईचा गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या, ती आपण होऊन जायची नाही.

तुमची,
मीनल